धर्मराजची म्हैस

११ जानेवारी २०२६, रविवार

पुन्हा तेच! एकानंही बगळ्याकडे बघितलं नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोटो काढला होता. द्रोणागिरीला मी गेटवर सिक्युरिटीला असतो त्या गोदामामागे, कुंपणाच्या पलीकडे थोडं खाडीचं पाणी अजून शिल्लक आहे. तिथं बगळा एकटाच उभा. चोचीत चिखलातली निवटी मासळी, अजून वळवळणारी. त्या नादात डबा तसाच राहिला. आज सकाळी 'चौकट'वर टाकला. हौशी फोटोवाल्यांचा फेसबुकवरचा ग्रुप – पोरानं जुना कॅमेरा दिला तेव्हापासून मी त्यात आहे. खाली लगेच रांग लागली. जय हिंद सर. सॅल्यूट सर. देश आपला ऋणी आहे सर.

अरे, बगळा!

मलाच मागाहून दिसलं, फोटो वाकडा आलाय. कुणी बोललं नाही. त्यांनी फोटो बघितला असेल तर ना.

चूक माझीच. नाव नोंदवताना लिहून बसलो – 'निवृत्त सुभेदार'. दुसरं काय लिहिणार होतो? दुसरं काही केलंच नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

आज आर्मी डे. केयूरनं – तो ग्रुप चालवतो, वाशीला दातांचा डॉक्टर आहे, पोरगा सभ्य – माझा वर्दीतला फोटो ग्रुपच्या माथ्यावर लावला. न विचारता. मोबाईल दिवसभर टिंगटिंग करत होता. गेटवर कंटेनरच्या गाड्यांची ही रांग, ड्रायव्हर हॉर्न मारतायत, आणि खिशात जय हिंद, जय हिंद.

संध्याकाळी घरी सुंदराला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "लोक मान देतात तर घ्या की. तुमचं काय जातं?"

काय जातं ते मला सांगता येईना. दमायला होतं, एवढंच.

१८ जानेवारी, रविवार

आज बरं वाटलं! ग्रुपवर पुतळाबाई म्हणून एक आहेत. उरणकडच्या गावातल्या. प्रकल्पात जमिनी गेल्या, आता घरचे खोल्या भाड्यानं देतात, आणि बाई मोबाईलवर फोटो काढतात. जाळी, होड्या, नातवंडं, वाळत घातलेले बोंबील. त्यांनी माझ्या बगळ्याखाली लिहिलं –

"दादा, पानी डावीकडं सांडतंय. आभाल एवढा कशाला? अर्धा कापा. बगला चांगला हाय."

ना जय, ना हिंद. मी दोनदा वाचलं. फोटो सरळ केला, आभाळ कापलं. बगळा एकदम पुढे आला!

२२ जानेवारी, गुरुवार

धर्मराजला ग्रुपमध्ये घेतलं.

त्याच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, सुंदराला फोन केला होता. धर्मराज घराबाहेर पडत नाही, कुणाशी बोलत नाही, जेवायला चार हाका माराव्या लागतात. रिटायर होऊन हिंगोलीकडे गावी गेला तेव्हा म्हणायचा, बघ आता कशी शेती करतो. पलटणीत आम्ही दोघं बरोबरीनं लागलो, बरोबरीनं निघालो. एका बंकरमध्ये किती हिवाळे काढले. तो इतका गप्प राहणारा नाही.

मी फोन लावला. "नुसता पडून काय राहतोस? मोबाईल आहे ना? फोटो काढ."

"कशाचे?"

"दारात काय आहे?"

"म्हैस."

"तिचा काढ."

 मग म्हणाला, "बघतो."

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला आमच्या करंजाड्यातल्या तीन सोसायट्यांनी बोलावलं होतं. एकीकडे गेलो. शाल, नारळ. गुडघा दुखतोय.

धर्मराजनं म्हैस टाकली. म्हशीचं तोंडच नाही! मधोमध पाठ, बाकी सगळी भिंत, वर पत्र्याची कड. फोटो हललेला. आणि केयूरनं वर लिहिलं – 'आणखी एका वीराची नजर'. मग काय! जय हिंद सर, अप्रतिम सर, शब्द नाहीत सर.

डोकं फिरलं माझं. तिथंच लिहून टाकलं – "आम्ही दोघं वर्दी उतरवून आलोय. यापुढे मला आणि धर्मराजला कुणी जय हिंद करू नये. फोटोत काय दिसतंय आणि काय चुकलंय ते सांगा. नाहीतर काही लिहू नका."

सुंदरानं वाचलं. "अहो, असं कोण बोलतं का लोकांना?"

२७ जानेवारी

ग्रुपवर सामसूम. केयूरचा एकच मेसेज – "सर, दुखावलं असेल तर सॉरी."

१ फेब्रुवारी, रविवार

लोक बोलायला लागले! पुतळाबाईंनी सुरुवात केली. धर्मराजच्या म्हशीखाली – "म्हशीचा तोंड कुठं हाय? मागं भिंतीवर गोवऱ्या थापल्यात त्या मातर झकास आल्यात, त्यावर हाताची बोटं पन दिसतात." मग बाकीचे. कुणी म्हणालं उजेड पाठीमागून आलाय, कुणी म्हणालं पत्रा नको होता. माझ्याही फोटोंची सालटी काढली. झोंबलं. पण बरं वाटलं.

धर्मराज रोज एक टाकतोय. हापसा – दांडा कापलेला. कुत्र्याचं शेपूट. एक तर नुसतं आभाळ. खाली कधी एक अक्षर लिहीत नाही. मी आज लिहिलं – "फोकस नाही. घाई करतोस. हात स्थिर ठेव, आधी नीट बघ, मग दाब." जवानाला सांगावं तसं.

४ फेब्रुवारी

धर्मराजचा फोटो नाही. कालही नव्हता.

८ फेब्रुवारी, रविवार

अजून नाही. फोन वाजतो, उचलत नाही. मोरा बंदराकडे गेलो होतो, चांगला उजेड होता. एक फोटो काढला नाही, तसाच परत आलो.

सुंदरा म्हणते, "तुम्ही त्याला चारचौघांत बोललात. मनाला लागलं असेल."

मी म्हटलं, तो असल्या गोष्टी मनाला लावून घेणारा नाही. म्हटलं खरं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

दुर्गाबाईचा फोन आला. मलाच.

"भाऊजी, तुमाला सांगू नका म्हणलेत. पण मला आता ऱ्हावत नाही. त्यान्ला दिसत नाही हो."

मला वाटलं चष्म्याचं म्हणतायत.

"दोन्ही डोळे. दिवाळीपासून. साखरेनं पडदे गेले म्हणला डॉक्टर. गावात कुणाला कळू देत नाहीत. कुणी आलं की झोपायचं सोंग करतेत."

मग फोटो? "मी खांद्याला धरून म्हशीकडं तोंड करून देते, ते दाबतेत. लोक काय लिवतेत ते मोबाईल वाचून दाखवतो. आता आठ दिवस झाले, मोबाईल कपाटात टाकलाय. नुसतं भिताडाकडं तोंड करून पडून राहायलेत. मला भ्या वाटायलंय, भाऊजी."

बर्फात पहाऱ्याला तो उभा असला की आम्ही बाकीचे गाढ झोपायचो, त्याच्या नजरेच्या भरवशावर. त्याला मी लिहिलं – आधी नीट बघ.

१२ फेब्रुवारी

ड्यूटी. काही नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज एक मूर्खपणा केला. केयूरला फोन लावून म्हटलं, धर्मराजच्या जुन्या फोटोंवर चार शब्द चांगले लिहा, सगळ्यांना सांगा.

"सर, तुम्हीच तर नको म्हणालात ना?"

"ते माझ्यापुरतं समजा."

"ओके सर. पण झालंय काय? काही टेन्शन आहे का?"

काय सांगू? बाहेर कुणाला सांगणार नाही, असा दुर्गाबाईला शब्द दिलाय.

मग पुतळाबाईंना मेसेज केला, त्या म्हशीवर जरा गोड लिहा म्हणून. उत्तर आलं – "दादा, गोवऱ्या झकास आल्यात असा लिवला व्हता ना? म्हशीचा तोंड नाय ते नाय. खोटा नाय लिवनार मी."

बरोबर आहे त्यांचं. मोबाईल उलटा ठेवून दिला.

जय हिंदवर का होईना, तो उठून दारापर्यंत येत होता. ते मी बंद केलं. मला खरं ऐकायची हौस! सुंदराला सगळं सांगितलं. ती रडली. डोळे पुसून म्हणाली, "फोन कसले करताय? जाऊन या."

गोदामात रजा टाकली. मॅनेजर कुरकुरला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

परतीच्या गाडीत लिहितोय. अक्षर हलतंय.

काल पोचलो. रेल्वे, एसटी, मग काळीपिवळीत दाटीवाटीनं. धर्मराज ओट्यावर बसला होता. मी काही न बोलता समोर उभा राहिलो. त्यानं मान वर केली. नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"कोण हाय?"

"मी."

"सित्या!" उठला. लगेच तोंड फिरवलं. "दुर्गीनं सांगितलं तुला. सांगितलं ना?" चिडला होता. मी जवळ गेलो तर हात लांबवून चाचपडला, तो माझ्या पोटावर आला. "पोट सुटलं की रे तुझं!" आणि हसला. मी नाही हसू शकलो.

कुणाला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाला, "सांगून काय? उद्यापासून लोक दारात येऊन च् च् करतील. आधी फौजी म्हणून सलाम, आता आंधळा म्हणून सलाम. मला दोन्ही नको."

मग मी माफी मागितली. सरळ हात धरून. म्हटलं, मी तसं लिहायला नको होतं, तू मनाला लावून घेतलंस...

"काय लावून घेतलं?"

"ते फोकसचं. आणि लोक जे बोलले ते."

"अरे येड्या!" केवढ्यांदा ओरडला. दुर्गाबाई आतून धावत आली. "पहिल्या दिवशी मोबाईल वाचायलाय – जय हिंद सर, जय हिंद सर. मी म्हणलं, म्हैस आली का नाही ते सांगा ना कुणीतरी! एकानं सांगितलं नाही. मग तू झापलंस सगळ्यांना. आणि त्या कोण बाई हायत तुमच्याकडच्या, त्यांनी लिवलं, तोंड नाही, मागं गोवऱ्या हायत, गोवऱ्यांवर बोटं दिसतेत. दुर्गीची बोटं! रोज थापती ती. मला दिवाळीपासून तिचा हात दिसला नव्हता."

दुर्गाबाई तशीच दारात उभी राहिली. पदर तोंडाला.

"मग बंद का केलंस?"

तर म्हणाला, डाव्या डोळ्याला इतके दिवस उजेड कळत होता. ऊन कुठून येतंय तेवढं. त्या अंदाजानं तो फोन धरायचा. महिन्याच्या सुरुवातीला एका सकाळी उठला तर तोही नाही. दुर्गाबाईला विचारलं, उजाडलं का? ती म्हणाली, केव्हाच. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, आता उपाय नाही.

"आता काय धरू, सांग. अंधारात दाबायचं नुसतं?"

 उगीच काहीबाही बोललो. तुझ्यासारखे कितीतरी आहेत, मशिनं निघालीत, मुंबईला चल मोठ्या डॉक्टरकडे. माझं मलाच पोकळ वाटत होतं. तो ऐकून घेत होता, पाहुण्याचं ऐकावं तसं. दुपारी जेवलो. आज सकाळी निघताना म्हणाला, "पुन्हा येऊ नकोस लगेच. तुझा गुडघा वाजायलाय."

दुर्गाबाई पाणंदीपर्यंत सोडायला आली.  

एवढा प्रवास करून काय केलं मी? काही नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

कॅमेऱ्याची पिशवी सुंदरानं कपाटावर ठेवून दिली. मी काढायला सांगितलं नाही. केयूरनं विचारलं, "सर, या आठवड्यात तुमचा फोटो नाही?" अंग दुखतंय म्हणून सांगितलं. खोटं नाही ते.

२५ फेब्रुवारी

ड्यूटी. कुंपणामागे भराव टाकायला सुरुवात झाली. बगळा तिथंच होता. बघितला आणि आत आलो.

१ मार्च, रविवार

धर्मराजचा फोटो आलाय!

मीच आहे. त्या दुपारी जेवल्यावर त्याच्या ओट्यावर आडवा झालो होतो. त्यानं कपाटातून मोबाईल कधी काढला, कधी दाबला, मला पत्ताच नाही. खाली त्यानं पहिल्यांदाच काही लिहिलंय – "मला दिसत नाही. हा घोरत होता, त्या आवाजाकडे फोन धरला. काय आलंय ते सांगा."

सगळ्यांत आधी पुतळाबाई – "मानूस झोपलाय. तोंड उघडा, एक पाय खाली लोंबतोय, बूट पन काढला नाय. जाम दमलेला हाय. कवापासून दमलाय कोन जाने. उठवू नका त्याला."

सुंदराला वाचून दाखवायला गेलो. दुसऱ्या ओळीच्या पुढे वाचता आलं नाही.