डब्यातली जागा

२ जुलै, कुरखेडा

लॅपटॉप आज पुन्हा सुरू होता होता अडला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं — डिस्क तपासणं चालू आहे, थांबवायचं तर कंट्रोल-सी. थांबवलं! शेजारच्या सुगंधाबाई दारात येऊन बसल्या होत्या. त्यांना किती ताटकळत ठेवू? परवा त्यांना नागपूरला नेणार. गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, मुखरूला, स्पष्ट सांगितलंय — जीव वाचेल, आवाज नाही.

रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, गाणी पूर्ण येणाऱ्या गावात त्या एकट्याच. बाकीच्या बायका मागून ओढतात, पुढची ओळ बाईंनीच टाकायची.

"चालू हाये का वो पोरी तुहा डबा?"

चालू होता. रेकॉर्डिंगचा काटा पळत होता. बाई गायल्या — चिखलात पाय माहा, माहेरात डोळा... मध्ये खोकला, मध्ये पाणी, पुन्हा गाणं.

३ जुलै

आजही दिवसभर गायल्या. पडद्यावर सूचना आली, जागा कमी आहे म्हणून. बंद केली. कशी कमी? डिस्कचा मोठा भाग तर रिकामा दिसतो! गडचिरोलीच्या दुकानातल्या सुनिलने लॅपटॉपवर लिनक्स टाकून देताना डिस्कची वाटणी केली होती — "जागाच जागा हाये मॅडम, जल्मभर पुरते."

म्हटलं, बाई, थोडं ऐकवू?

"नाई वो! आपलाच आवाज का आयकाव? लाज वाट्टे. मी मुकी झाली का मंग आयकजो."

आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

७ जुलै

ऑपरेशन झालं. मुखरूचा फोन — "माय बरी हाये. हातानं पाणी मांगते."

८ जुलै

फायली उघडत नाहीत. एकही नाही. मी दिलेली नावं आहेत. पुढे आकार — शून्य.

१० जुलै

एसटीने गडचिरोलीला गेले, लॅपटॉप मांडीवर धरून. सुनिलने दुकानातली गर्दी बाजूला सारली. एक छोटी आज्ञा लिहिली, यादी आली.

"दोन खोल्या समजा मॅडम. हे मोठी, रिकामी. हे लहानी, ठासून भरली. तुमचं रेकॉर्डिंग जाऊन राह्यलं होतं लहानीत."

कशाने भरली पण?

त्याने एक फाईल उघडली. पानंच्या पानं एकच ओळ — डिस्कचा अमुक भाग वाचता येत नाही. डिस्क बिघडत होती, आणि मशीन प्रत्येक वेळी ते लिहून ठेवत होतं. त्या तक्रारींनीच जागा खाल्ली.

"बोंबलून राह्यली होती बिचारी. सुरू होताना तपासू द्याचं ना. काऊन थांबवलं?"

परत मिळतील का?

"पुसलेलं काढून देतो मॅडम. जे लिहिल्याच नाई गेलं, ते कुठून काढू?"

परतीच्या गाडीत एकच आठवत राहिलं. बाई संक्रांतीपासून सांगत होत्या, गळ्यात कुसळ अडकल्यावानी वाट्टे. आम्ही सगळ्यांनी आलं-मध सांगितला.

११ जुलै

लिहवत नाही.

२० जुलै

बाई घरी आल्या. गळ्याला छिद्र, त्यावर पांढरी जाळी. बोलू गेल्या की तिथून नुसती हवा.

सांगून टाकलं. बाई, काहीच उरलं नाही, माझ्यामुळे.

त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून निजल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

२४ जुलै

सुनिलने नवी डिस्क बसवली. रेकॉर्डिंग आता मोठ्या भागात जाईल. तपासणी आली की मी थांबवत नाही, पूर्ण होईस्तोवर समोर बसते. भरपूर जागा आहे. ठेवायला काही नाही.

२८ जुलै

रोवणा लागला. भाताच्या बांधीत बायकांनी मोबाईलवर सिनेमाची गाणी लावली होती. बाई ओसरीवरून ऐकत होत्या. मग उठून आत गेल्या.

२९ जुलै

सकाळी बाई स्वतःच आल्या. माझा हात धरून लॅपटॉपवर ठेवला — चालू कर. मग माझ्या तोंडाकडे बोट.

मी? बाई, मला सूर नाही हो!

त्यांनी मांडीवर थाप मारली. गायले. चिखलात पाय माहा — थाप. चुकलं. पुन्हा. बाईंचे ओठ हलतात, मी त्यांच्याकडे बघत ओळ उचलते. थाप. पुन्हा.

त्या गेल्यावर लावून पाहिलं. माझा बेसूर आवाज. त्यात मधूनमधून बाईंची थाप, आणि जाळीतून येणारा श्वास.

आकार बघितला. शून्य नाही.