राहून गेलेली पुढची दोरी

प्रिय दादा,

वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, आईला एवढंच सांग. तिचा गुडघा कसा आहे?

काल गाडीच्या टपावरून दोन कयाक, म्हणजे त्या लांबोडक्या होड्या, नेत होतो. मधले पट्टे आवळले, पण घाईत पुढची दोरी राहिली. टेम्पो भरताना तू किती बजावायचास. वाऱ्याने एकीचं टोक उचललं, पट्टा ढिला झाला आणि होडी रस्त्यावर आपटली. मागून येणारी स्कूटरवाली बाई ब्रेक मारताना घसरली. तिचे तळहात सोलवटले.

मी धावलो, तर तीच म्हणाली, "घाबरू नका, मला फार लागलं नाही."

होडी पुन्हा बांधताना त्याच हातांनी तिने दोरीचं दुसरं टोक धरलं. दादा, मला तिच्याकडे बघवलं नाही.

तुझा,
धाकटा