बाबांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या

करडी, मंगळवार संध्याकाळ

आज कॉलेजात एन्झाइमचा धडा झाला. फवारणीचं औषध मज्जातंतूंमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. मग घाम, लाळ, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. बाबा गेले त्या दिवशी ते फवारून आले, तेव्हा त्यांच्या तशाच झाल्या होत्या. मी पाहिल्या होत्या. आम्ही ऊन लागलं समजून कांद्याचा रस चोळत बसलो.

आज दादा त्यांचाच पंप पाठीवर घेऊन धान फवारून आला. मी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला.

"काहून पाहून राहिली? डाक्टरीण झाली का?"

बाहुल्या बारीक झाल्या. उजेडात त्या बारीक होतातच, हे मीच विसरले! टॉर्च विझवून थांबले. हळूहळू मोठ्या झाल्या.

उद्या धानाच्या अजून दोन बांध्या फवारायच्या आहेत म्हणे.