एकसष्ट टिंबं

प्रिय साहेब,

साहेबच म्हणते, दारावर पाटी लागलीय ना तुझ्या! तुझा निरोप मिळाला. जुन्या मैत्रीला स्मरून मालरवानगीचा प्रोग्रॅम जरा समजावून सांग, म्हणे. अरे वा! नऊ वर्षांनी मैत्री आठवली.

कंपनीनं मला कंत्राटावर परत का बोलावलंय, ते तुला ठाऊक आहेच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायचीय. त्याआधी मूळ सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लोकांनी काय काय बदललं आणि कुणी, याची यादी मी करतेय. ज्याचं नाव, त्यानं आपला प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत चालवून दाखवायचा. एकसष्ट प्रोग्रॅमांपुढे तुझं नाव निघालं, आणि तुला त्यातला एकही कळत नाही! हसून हसून पोट दुखलं माझं.

आईच्या ऑपरेशनसाठी मी दोन आठवडे रजेवर गेले, तेव्हा सगळं काम विश्वासानं तुझ्या हाती दिलं होतं. आपण दोघांसाठी भाड्याचं घर बघत हिंडत होतो तेव्हा. तू रोज दवाखान्यात फोन करायचास, आई जेवली का विचारायचास. आणि फोन ठेवला की माझा एकेक प्रोग्रॅम उघडून, मशीन वाचतही नाही त्या शेऱ्याच्या ओळीत एक टिंब टाकून सेव्ह करायचास. कारण यादीत नाव येतं ते शेवटी हात लावणाऱ्याचं. पुढे माणसं कमी करायची वेळ आली, वरच्यांनी नावं मोजली. माझं एकही नाही. तू समोर बसून पेन्सिलीला टोक करत होतास. नोकरी गेली त्याचं एवढं नाही रे, पण तू गप्प बसलास! शी! बरं, चोरी तरी नीट करायचीस. 'आईला भेटून आल्यावर तपासणे' हा माझा शेरा तरी पुसायचास. तेवढेही कष्ट नकोत.

प्रत्येक जुनी प्रत मशीन तारखेसकट जपून ठेवतं, हे एवढा मोठा साहेब होऊनही तुला माहीत नाही. मी सगळ्या काढल्या. आता यादीत दोन रकाने आहेत: कुणी बनवलं, आणि शेवटी कुणी हात लावला. सोबत तुझी एकसष्ट टिंबं, लाल खुणा करून. उद्या सकाळी दहा वाजता ही यादी मालकांच्या टेबलावर जाईल. तुला आधी कळवतेय, ते कीव आली म्हणून नाही. मला तू न सांगता बाहेर काढलंस, तुझ्यासारखं वागायची मला किळस येते, म्हणून हे पत्र. दहाच्या आत स्वतः जाऊन खरं सांगायचं असेल तर सांग. तुला जमायचं नाही, माहितीय मला.

तुझीच,
पहिल्या रकान्यातली