अंगणातून जाणारी वाट

सेटल, ७ मार्च १९९४

ती. अर्नल्डदादास,
एनिडचा सा. न. वि. वि.

आई गेल्यापासून पहिलंच पत्र, तेही कामापुरतं. जूनमध्ये मी पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्वेच्या समुद्रापर्यंत चालत जाणार आहे, हॉस्पिसच्या मदतीसाठी. हो, तेच, जिथे आईचे शेवटचे दिवस गेले. वर्गणी मागत नाही, घाबरू नकोस. सराव दर गुरुवारी. डोंगरावर जाणारी बरी वाट एकच, आणि ती तुझ्या अंगणातून जाते. वाट सार्वजनिक आहे, तुला अडवता येणार नाही; पण न सांगता आले तर कुत्रा सोडशील, म्हणून कळवते.

एकसष्टाव्या वर्षी हे थेर कशाला, असं म्हणशील. संध्याकाळी बूट काढताना मीही तेच म्हणते.

उरला असेल तेवढा लोभ राहू द्यावा.
एनिड

हॅगसाइड फार्म, ११ मार्च

चि. एनिडला अ. आ.

मॉस आता म्हातारा झालाय, सोडला तरी चुलीपासून हलत नाही. वाट सार्वजनिक आहे, घर नाही. फाटक लावून घेत जा. मेंढ्या व्यायला लागल्यात आणि मला रात्रीची झोप नाही.

आईला या घरात मरायचं होतं. तू तिला परक्या खाटेवर नेऊन ठेवलंस. आता त्या जागेसाठी चालतेस, तर चाल.

अर्नल्ड

सेटल, २२ एप्रिल

ती. दादास सा. न.

टाचांना फोड आलेत, पाऊस पाठ सोडत नाही. काल तुझ्या अंगणातून जाताना तुझ्या खिडकीचा पडदा हलला. बाहेर मात्र तू एकदाही येत नाहीस. मी दर वेळी तिथे वाकून नाडी बांधते. ती सुटलेली नसते, दादा.

आई गेली त्या वर्षीही मेंढ्या व्यायचेच दिवस होते. तू रात्रभर गोठ्यात, आणि वर आई वेदनेनं उशी चावायची, तुला ऐकू जाऊ नये म्हणून. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं. मला तिला कुशीवर वळवताही येईना, म्हणून नेलं. तिथे ती पहिल्या रात्री शांत झोपली. मला पश्चात्ताप नाही, पण हे एकटीनं बाळगून फार दमलेय.

एनिड

सेटल, १३ मे

ती. दादास सा. न.

काल तुझ्या वरच्या शेताचा दगडी गडगा ओलांडायच्या पायऱ्या उतरताना गुडघ्यानं दगा दिला. निसटून पडले, खालच्या शेतावरच्या बाईंनी गाडीतून घरी सोडलं. डॉक्टर म्हणतात, समुद्र विसरा, आधी जिना चढून दाखवा. नाव मागे घेतलं. रडले, खोटं कशाला सांगू.

गुरुवारी आता येणार नाही. मॉसला सांग.

एनिड

हॅगसाइड फार्म, २७ मे

चि. एनिडला अ. आ.

गडग्याच्या पायऱ्या काढून टाकल्या, तिथे फाटक बसवलं. एकट्यानं दगड हलवता हलवता कंबर गेली. तू पडल्याचं मला तुझ्या पत्रातून कळावं, याची लाज वाटली.

उशीचं मला ठाऊक नव्हतं. तुझं एप्रिलचं पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसलो. उत्तर लिहायला घ्यायचो आणि फाडायचो. घर मी धरून बसलो आणि आईला तू सांभाळलंस. माझं चुकलं, एनिड.

दर गुरुवारी मी किटली चढवायचो आणि दोन कप मांडायचो. तू नाडी बांधायचीस तेवढ्यात पाणी उकळायचं. तू दार वाजवशील म्हणून मी आत, मी बाहेर येईन म्हणून तू अंगणात. मग तू निघून जायचीस आणि दोन्ही कप मीच प्यायचो.

येत्या गुरुवारी दहाच्या बसनं ये. फाट्यावर जीप घेऊन उभा असेन. तुला चालायला लागणार नाही, आणि दारही वाजवायला लागणार नाही.

लोभ आहेच, आत बसून होता.
तुझा दादा