तिसरा स्ट्राईक आणि घासलेला ट्रे

सेल्मा, कॅलिफोर्निया
१२ सप्टेंबर १९९५

प्रिय अराक्सीताईस,

धाकट्या वाहानचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. निदान सिरानुश बरी आहे आणि मी तिच्या म्हणण्याप्रमाणे आहे तसाच आहे.

गेल्या वर्षी त्या कायद्याला मत दिलं म्हणून तू मला ‘न्यायाधीश महाराज’ म्हणतेस. म्हण. पण ‘तीन स्ट्राईक, की आउट!’ (तीन चेंडू हुकले, की गडी बाद) ही घोषणा ऐकून, बत्तीस वर्षं बेसबॉलची अंपायरगिरी केलेला माणूस विरुद्ध मत देईल कसा? दोन मोठे गुन्हे नावावर असलेला तिसऱ्यांदा सापडला, की पंचवीस वर्षं ते जन्मभर आत. मला वाटलं, सरकारला एकदाचे नियम समजले! गाडीच्या काचेवर तशी पट्टीसुद्धा चिकटवली (सिरानुश त्या गाडीतून चर्चला यायला तयार नव्हती, हे तिने तुला कळवलं असेलच).

तर मार्चमध्ये पाक ओतून मागच्या पायरीवर गार करत ठेवलेला बकलावा ट्रेसकट नाहीसा झाला. दुसऱ्या दुपारी मी झुडपाआड दबा धरून बसलो. पन्नाशीचा एक हडकुळा माणूस फाटक उघडून आत आला. हातात आमचा ट्रे, घासून पुसून लख्ख! मी झडप घातली (कंबर अजून धरलेली आहे) आणि पोलिसांना बोलावलं.

“अहो, चोराने ट्रे धुऊन आणलाय,” सिरानुश म्हणाली. “चाळीस वर्षांत तुम्ही एक बशी विसळली नाहीत. सोडा त्याला!”

पण दिलेला निर्णय मी कधी फिरवलाय?

माणसाचं नाव क्लाइड पर्व्हिस. विशीत त्याने दोन घरं फोडली होती आणि त्याची शिक्षाही भोगली होती. म्हणजे आमचा बकलावा हा तिसरा स्ट्राईक. पंचवीस वर्षं, ताई! एका ट्रेभर मिठाईसाठी! शेवटी सिरानुशला घेऊन सरकारी वकीलबाईंकडे गेलो, तक्रार मागे घेतो म्हणालो.

“खटला आता सरकारचा आहे, मिस्टर बाबायान. आणि तिसरा स्ट्राईक म्हणजे काय, हे अंपायरला मी सांगायचं?”

“बाई, दोन स्ट्राईक झाल्यावर चेंडू बॅटला लागून रेषेबाहेर गेला, तर तो तिसरा धरत नाहीत. गडी पुन्हा उभा राहतो. तुमची घोषणा लिहिणारा मैदानावर गेलेलाच नाही!”

बाई हसल्या नाहीत. मग सिरानुश पुढे सरकली. “वस्तू परत करायला आलेला माणूस तुम्ही आत टाकलाय. कोर्टात मी शपथेवर हेच सांगणार. आणि ज्याने पकडलं त्याला घरात कुणी विचारत नाही, हेही सांगणार.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. पंधरा दिवसांनी ती किरकोळ चोरी ठरली आणि क्लाइडला अटकेच्या दिवसापासून सहा महिन्यांची कैद झाली. ते काल संपले.

भावोजींना नमस्कार. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

तुझा,
वाहान

ता. क. तुझ्या बागेत नाशपातीच्या तोडणीला माणूस हवाच असेल. हे पत्र ज्याने तुझ्या हातात दिलं, तोच क्लाइड. त्याला दारात उभं ठेवू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र मुद्दामच इंग्रजीत लिहिलंय आणि पाकीट चिकटवलेलं नाही. बसमध्ये त्याने वाचलं असेल तर बरंच झालं. मी चुकलो, हे मला त्याच्या तोंडावर म्हणता आलं नाही.