इंजिन चालू आहे

४ तारीख, सोमवार

आलो एकदाचा सासरी राहायला. सामान म्हणजे तीन पेट्या, एक गादी आणि माझा लाडका, नवाकोरा इन्व्हर्टर जनरेटर. प्रवासी बॅगेएवढा, वर उचलायला मूठ, अंगाला अजून प्लास्टिकचा वास. बायको म्हणाली की लग्नातसुद्धा माझा चेहरा इतका खुलला नव्हता. खरं आहे, पण कबूल कोण करतो!

वादळात खांब आडवे झाल्यापासून इथे वीज नाही आणि अजून तीन आठवडे येईल असं दिसत नाही. सासरेबुवांना तर विजेशिवाय घटकाभरही चालत नाही. तीस वर्षं तलावावर लोकांना पोहायला शिकवणारा माणूस. आता फुफ्फुसं कामातून गेलीत. नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. आजवर शेजारच्या वायरमनच्या जुन्या जनरेटरवर भागत होतं, तो परवा बंद पडला. म्हणून घाईघाईने आम्हाला बोलावणं आलं. म्हणजे बोलावणं जनरेटरला होतं, मी सोबत आलो.

मागच्या पडवीत उघड्यावर ठेवला, धूर बाहेर जाईल असा. दुसऱ्या झटक्यात चालू! आवाज शिवणयंत्राइतका. सासरेबुवांनी पडल्यापडल्या हात वर केला. बायकोच्या मते तो आशीर्वाद होता.

६ तारीख, बुधवार

या यंत्राचं करावं तेवढं कौतुक थोडंच. भार कमी असला की इंजिन आपोआप मंद होतं, वाढला की जोर धरतं. हिरवा दिवा म्हणजे वीज जाते आहे. लाल म्हणजे भार झेपत नाही.

घरात आता एक नियमच झाला आहे. बायको भाजी चिरताना एक कान पडवीकडे ठेवते. इंजिनाची घरघर ऐकू आली की बाबा ठीक आहेत असं समजून ती कामाला लागते. ऑक्सिजनच्या यंत्राला वीज गेल्याची शिटी होती, पण ती सासरेबुवांच्या डोक्यात जायची म्हणून वायरमनने कधीच काढून टाकली. हाक मारण्याइतका दम सासरेबुवांना नाही. दोन शब्दांवर तिसरा बोलले की धाप लागते. पण त्या दोन शब्दांत माझा पाणउतारा बरोबर बसवतात. आज मला आयतोबा म्हणाले, मग पाच मिनिटं खोकले. चेहऱ्यावर मात्र समाधान होतं.

नवशिक्यांची डोकी ते पाण्याखाली दाबून धरायचे आणि शंभर मोजून झाल्याशिवाय सोडायचे नाहीत, असं बायको अभिमानाने सांगते. तीही तशीच शिकली. मला पोहता येत नाही हे कळल्यापासून म्हातारा माझ्या मानेकडे बघत असतो.

९ तारीख, शनिवार

आज भलताच प्रकार झाला. आमच्या खोलीत चहासाठी विजेची किटली लावली. बराच वेळ झाला तरी पाणी थंडच. पडवीत जाऊन बघतो तर लाल दिवा. भार झेपला नाही म्हणून जनरेटरने वीज तोडली होती, आणि इंजिन मात्र मजेत चालू! किटली काढली, बटण दाबलं, हिरवा दिवा आला. मग धावत म्हाताऱ्याच्या खोलीत गेलो. ओठ निळे, डोळे माझ्यावर. सहा मिनिटं तरी गेली असतील.

बायको स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. तिच्या कानावर घरघर होती ना! तिला सांगणार होतो, पण उगाच आकांत होईल म्हणून राहू दिलं. म्हाताऱ्याला तर दोन शब्दांत एवढं सांगताच येणार नाही.

११ तारीख, सोमवार

सकाळी वायरमनसमोर म्हातारा मला फुकट्या म्हणाला. वायरमन हसला. दुपारी मी किटली लावली. फक्त दोन मिनिटं.

इथे खोटं लिहून काय उपयोग? मला मजा आली. दारात उभा राहून बघत होतो.

१३ तारीख, बुधवार

चार मिनिटं. आज त्याचे ओठ निळे झाले नाहीत. चादरीवर त्याची बोटं एकेक करून मिटत होती, पुन्हा उघडत होती. मोजत होता. तलावावर मोजायचा तसा.

परत पडवीत जाताना मला इतकी धाप लागली की पायरीवर बसावं लागलं. सिगारेट सोडायला हवी.

१५ तारीख, शुक्रवार

आठ मिनिटं. किटली लावून त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याची छाती शांतपणे वरखाली होत होती. यंत्र बंद, नळीत हवा नाही, आणि म्हातारा निवांत. माझी छाती मात्र आवळत आली. डोळ्यांपुढे काळं. भिंतीला धरत पडवीत पोहोचलो, बटण दाबलं. दिवा हिरवा होताच माझा श्वास परत आला.

म्हातारा हसत होता. हे सिगारेटमुळे नाही.

१६ तारीख, शनिवार

किटली परसातल्या टाकीत बुडवली. पुन्हा नाही. देवाशपथ पुन्हा नाही.

बायको खूश आहे, बाबांच्या गालांवर रंग आला म्हणे. मलाच विचारते, तू असा का ओढल्यासारखा दिसतोस?

१७ तारीख, रविवार

निघून जायचं ठरवलं. फाटकापर्यंत दहा पावलं. सातव्या पावलावर पडलो.

वायरमन आला. जनरेटरला कान लावला, हिरवा दिवा बघितला, यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. यंत्राचं कोण विचारतंय! बायकोने माझी गादी म्हाताऱ्याच्या खोलीत घातली. दोन आजारी एका ठिकाणी असले की तिला बरं पडतं. नको नको म्हणत होतो. दोन शब्दांवर तिसरा बोलता येत नाही.

१८ तारीख

ती बाहेर गेली की तो नळी काढतो. मला दाखवून काढतो. बोटं मिटतात, उघडतात. तिची पावलं वाजली की पुन्हा नाकात —

आज शंभरच्या पुढे गेला. कितीच्या पुढे ते मला —

इंजिन चालू. दिवा हिरवा. तिला वाटतं सगळं ठीक —

१९

नळी उशीवर ठेवली आहे. सरपटत गेलो, माझ्या नाकात घातली. हवा येते. माझ्यात राहत नाही.

हात जोडले. चुकलो म्हणालो. ओठांनीच, आवाज नाही —

तो उठून बसला. पाय खाली सोडले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

चालत गेला. दाराला आतून कडी.

माझ्याजवळ बसला आहे. मानेवर हात. जड नाही, नुसता ठेवलेला. मोठ्याने मोजतो आहे, खणखणीत — एकशे बारा — एकशे तेरा —

स्वयंपाकघरातून ती ऐकते आहे. रडते आहे आनंदाने. ओरडून मला सांगते आहे की ऐकलंस का, बाबांचा आवाज किती मोकळा —